फोटोचा मालक ‘इंटरनेट’ नसतो

आषाढी वारीतले रिंगण, विसर्जनाची मिरवणूक, पावसाळ्यातला कोकणकडा, फुललेले कासचे पठार. यांपैकी एखादा फोटो समाजमाध्यमांवर गाजला की आठवडाभरात तो पुरवण्यांत, बातम्यांच्या संकेतस्थळांवर, सहल कंपन्यांच्या जाहिरातींत आणि शुभेच्छांच्या फ्लेक्सवर झळकू लागतो. कोपऱ्यात छायाचित्रकाराचे नाव असेल तर ते कापलेले असते, नाहीतर त्यावर भलत्याच पेजचा शिक्का बसलेला असतो. खाली फार तर ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’ अशी ओळ. आता इंटरनेट काही पहाटे उठून गड चढत नाही की वारीत चिखल तुडवत नाही. ज्याने ते केले त्याचे नाव शोधायला बहुतेक वेळा दोन-चार मिनिटे पुरली असती. ती खर्च करावीशी कुणाला वाटली नाही, कारण न शोधल्याने कुणाचे काहीच बिघडत नाही. फोटोचोरीची चर्चा निघाली की एक जण म्हणतो कायदा कडक करा, दुसरा म्हणतो वॉटरमार्क टाका, तिसरा म्हणतो मग नेटवर टाकताच कशाला. माझ्या मते तिघांचेही बोट चुकीच्या जागी आहे. आपला कायदा छायाचित्रकाराला देतो तो हक्क पुरेसा आहे. त्या हक्काचे दोन-पाच हजार रुपये वसूल करण्याची वाट मात्र आपल्याकडे नाही, आणि ती बांधली जात नाही तोवर बाकीचे सगळे उपाय वरवरचे राहणार.

आधी हक्काचे पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ‘कलाकृती’ या सदरात येते, आणि व्याख्येत मुद्दाम म्हटले आहे की त्यात कलागुण असो वा नसो. पुरस्कार मिळालेला फोटो आणि मोबाइलवर टिपलेला वडापावच्या गाडीचा फोटो कायद्यापुढे सारखेच. ज्याने फोटो काढला तो त्याचा कर्ता, आणि सर्वसाधारणपणे तोच पहिला मालक. नोंदणी ऐच्छिक आहे. बटण दाबले की हक्क जन्माला येतो. पूर्वी छायाचित्राला प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचेच संरक्षण असे. २०१२ च्या दुरुस्तीने ते वेगळे कलम गेले, आणि आता लेखक-चित्रकारांप्रमाणेच छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. तो हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लिहून द्यावा लागतो. शिवाय कलम ५७ आहे. हक्क विकून टाकला तरी ‘हे माझे काम आहे’ असे सांगण्याचा आणि कामाची मोडतोड करून आपली अप्रतिष्ठा झाल्यास दाद मागण्याचा अधिकार त्यानुसार कर्त्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमावर बोट ठेवून ते त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाख रुपयांची भरपाईही. एवढा भक्कम हक्क हातात असलेला माणूस आपला फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीत पाहून हतबल का होतो, हा खरा प्रश्न आहे.

मालकीबद्दल छायाचित्रकारांचेही गैरसमज आहेत, तेही इथेच सांगायला हवेत. कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो स्टुडिओवाला नवरा-नवरीला न विचारता आपल्या पेजवर जाहिरात म्हणून टाकतो तेव्हा कॉपीराइटचा भंग करणारा बहुधा तोच असतो. बिलाच्या मागे चार ओळी छापून हे टाळता येते, पण त्या चार ओळी फार थोडे लोक छापतात. उलट, फोटोत आपण आहोत म्हणून फोटो आपला, हेही खरे नाही. अमेरिकेत पापाराझींनी टिपलेले स्वतःचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकल्याबद्दल तारे-तारकांवर खटले झाले आहेत. वृत्तपत्रात नोकरी करणाऱ्या छायाचित्रकाराबाबत तर कायदा आणखी बारकाईने बोलतो : वृत्तपत्रांत छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी सर्व बाबतींत, वेगळा करार नसेल तर, छायाचित्रकाराचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात वृत्तपत्र छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा यांनी टिपलेला बंदूकधारी कसाबचा फोटो जगाला माहीत आहे. खटल्यात तो पुरावा म्हणून आला, डिसोझांनी साक्ष दिली. दर वर्षी त्या तारखेला तो असंख्य पोस्टमधून फिरतो. त्यांतल्या किती पोस्टवर त्यांचे नाव असते ते वाचकांनीच पाहावे.

आता आक्षेप. सगळ्यात जास्त ऐकू येणारा असा : तुम्हीच फोटो समाजमाध्यमावर टाकलात, तिथल्या अटी मान्य केल्यात, म्हणजे हक्क सोडलात. अटी वाचल्या तर उलट दिसते. इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या मालकी तुमचीच राहील असे लिहितात आणि फोटो दाखवण्याचा, वापरण्याचा विनामोबदला परवाना स्वतःसाठी मागून घेतात. हा परवाना ऐसपैस आहे यात वाद नाही. डिसेंबर २०१२ मध्ये तो जाहिरातींपर्यंत ताणला जाईल असे वाटण्याजोगी भाषा इन्स्टाग्रामने आणली, तेव्हा एवढी ओरड झाली की काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. पण कितीही ऐसपैस असला तरी तो परवाना कंपनीचा आहे. तिसऱ्याच पेजच्या अ‍ॅडमिनला, सहल कंपनीला किंवा वृत्तपत्राला तो आपोआप मिळत नाही.

याचा निकाल एका मोठ्या खटल्यात लागलेला आहे. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा डॅनियल मोरेल हा तिथलाच अनुभवी छायाचित्रकार पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये होता. त्याने त्याच दिवशी, ट्विटरवर फोटो टाकण्याची सोय देणाऱ्या ट्विटपिकवर फोटो टाकले. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एकाने ते उचलून स्वतःचे म्हणून टाकले. तिथून एएफपी या वृत्तसंस्थेने घेतले, आणि गेटी या छायाचित्रे पुरवणाऱ्या संस्थेमार्फत ते चुकीच्या नावाने जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचले. मोरेलच्या वकिलांनी नोटिसा धाडल्या तर एएफपीनेच आधी न्यायालयात धाव घेऊन ‘आम्ही भंग केलेला नाही असे जाहीर करा’ म्हणून त्याच्यावर दावा लावला. ट्विटरच्या अटींमुळे फोटो वापरायला सगळे मोकळे आहेत, असा त्यांचा बचाव होता. जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने जाणूनबुजून भंग केल्याचे ठरवून आठ फोटोंसाठी १२ लाख डॉलर भरपाई दिली. हा निकाल छायाचित्रकारांच्या सभांमध्ये विजयगाथेसारखा सांगितला जातो. त्यातली अर्धी गोष्ट मात्र सुटते. मोरेल जिंकला कारण प्रतिपक्ष बडा होता, झुंज द्यायला वकील मिळाले, आणि अमेरिकी कायद्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही ठरावीक मर्यादेत भरपाई देण्याची सोय आहे : प्रत्येक कलाकृतीमागे ७५० ते ३० हजार डॉलर, जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी दीड लाखापर्यंत. आपल्या कायद्यात अशी सोय नाही. तोच फोटो, तीच चोरी, आणि न्यायालय पंढरपूरचे किंवा पणजीचे असते तर छायाचित्रकाराला आधी पै-पैचे नुकसान दाखवत बसावे लागले असते.

दुसरा आक्षेप थोडा अधिक प्रामाणिक आहे. फोटो सर्वांना दिसावा म्हणूनच तुम्ही तो खुला ठेवलात; मग मी तो माझ्या पानावर दाखवला तर नवे काय केले? याचे उत्तर युरोपीय न्यायालयाने ७ ऑगस्ट २०१८ ला दिले. जर्मनीतल्या एका शाळकरी मुलीने स्पेनमधल्या कॉर्डोबा शहराचा फोटो एका प्रवासविषयक संकेतस्थळावरून घेऊन शाळेच्या प्रकल्पात चिकटवला, आणि शाळेने तो प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर ठेवला. डर्क रेंकहॉफ या छायाचित्रकाराने फोटो फक्त त्या प्रवास संकेतस्थळाला वापरायला दिला होता. त्याने भरपाई मागितली ४०० युरो. चारशे युरोंचा हा वाद चढत चढत लक्झेंबर्गला, या न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाला सल्ला देणाऱ्या महाधिवक्त्यांचे मत शाळेच्या बाजूने होते, म्हणजे आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. न्यायालयाने तरीही छायाचित्रकाराच्या बाजूने कौल दिला, आणि त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. दुवा दिला तर मूळ ठिकाणचा फोटो काढून घेण्याची सत्ता कर्त्याच्या हातात राहते. प्रत उतरवून दुसरीकडे ठेवली की ती सत्ता संपते. त्याने मूळ फोटो मिटवला तरी प्रत जगतच राहते. म्हणून दुवा आणि प्रत यांत फरक. ज्यांना खरोखर फक्त ‘शेअर’ करायचे आहे त्यांना दुवा आहे, माध्यमाचे स्वतःचे शेअरचे बटण आहे. स्क्रीनशॉट काढून, नाव कापून नव्याने टाकणे याला वाटून घेणे म्हणायचे कारण नाही.

मग येतो फोनवाला आक्षेप. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, यंत्रच सगळे करते, त्यात कर्तृत्व ते काय? हा आक्षेप स्मार्टफोनपेक्षा फार जुना आहे. न्यूयॉर्कच्या नेपोलियन सारोनीने ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले, एका छापखान्याने त्यांतल्या एकाच्या ८५ हजार प्रती छापल्या, आणि खटल्यात ‘फोटो म्हणजे यंत्राने उतरवलेली नक्कल’ असाच बचाव केला. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बसण्याची ढब, पोशाख, प्रकाश-सावली यांची निवड सारोनीची आहे, म्हणून तो कर्ता आहे, असे ठरवले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या निकालाने स्वामित्वासाठी नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जक निवड हवी, असा निकष घातला. विचारांती मला तो छायाचित्रकारांच्या फायद्याचाच वाटतो. हजारो वारकऱ्यांच्या हजारो फोटोंतून तुम्ही हाच एक का उचललात? तो उचलावासा वाटला यातच त्या निवडीची कबुली आहे. ज्या फोटोत काहीच नसते तो कुणी चोरत नाही.

‘क्रेडिट दिले ना’, ‘तुमचीच प्रसिद्धी झाली’ हे आक्षेप लवकर संपवण्याजोगे आहेत. नाव देणे आणि परवानगी घेणे ही कायद्याची दोन वेगळी कलमे आहेत. एक पाळले म्हणून दुसरे माफ होत नाही. आणि प्रसिद्धीच मोबदला असेल तर रिक्षातून उतरताना ‘तुमची रिक्षा गावभर लोकांनी पाहिली’ एवढे म्हणून चालते व्हायला हरकत नसावी. प्रसिद्धी हवी की पैसे हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्यांना प्रसिद्धीच हवी, किंवा ज्ञान सर्वांचे असावे अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांच्यासाठी २००२ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांचे उत्तम फोटो विकिमीडिया कॉमन्सवर उत्साही मंडळींनी असेच मोफत ठेवले आहेत. अट बहुतेकदा एवढीच की नाव द्या आणि परवान्याचा उल्लेख करा. फुकट मिळालेल्या या फोटोंवरही ‘सौजन्य : विकिपीडिया’ छापून कर्त्याचे नाव गाळणारे आहेत, तेव्हा प्रश्न पैशांच्या टंचाईचा नाही हे उघड होते.

आता वसुलीकडे येऊ. कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली दाखल करता येत नाही, असे कलम ६२ सांगते. साताऱ्याच्या एखाद्या छायाचित्रकाराचा फोटो कुणी हॉटेलच्या जाहिरातीला वापरला, एरवी त्याने त्याचे तीन हजार घेतले असते. त्या तीन हजारांसाठी जिल्हा न्यायालय, वकील, तारखा. कलम ६२ ने एक दिलासाही दिला आहे : वादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे दावा लावता येतो, प्रतिवादीच्या गावी धावावे लागत नाही. पण दावा तीन लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर तो व्यापारी न्यायालयात जातो, तातडीचा मनाईहुकूम नको असेल तर आधी मध्यस्थीची पायरी. आणि तीन लाखांच्या आतला असेल तर नेहमीच्या दिवाणी रांगेत. एवढे करून प्रतिवादीने ‘यावर कुणाचा हक्क आहे हे मला माहीत नव्हते, माहीत असण्याचे कारणही नव्हते’ असे सिद्ध केले तर कलम ५५ नुसार भरपाई नाहीच. मनाई आणि त्याने कमावलेल्या नफ्यातला न्यायालयाला योग्य वाटेल तेवढा वाटा, एवढेच. पूर्वी कॉपीराइट मंडळ होते, त्याची कामे बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेली, आणि २०२१ मध्ये तेही बरखास्त झाले. छोट्या माणसासाठी या मंडळांनी फार केले असे नाही, पण आज त्या दिशेला दारच उरलेले नाही.

‘फौजदारी आहे की’, असे कुणी म्हणेल. आहे. कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले. कागदावर हे जबर वाटते. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात जाऊन ‘माझा कळसूबाईचा फोटो चोरला’ म्हणणाऱ्याकडे ठाणे अंमलदार कसे पाहतील याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. आणि समजा, गुन्हा नोंदवला तर आत कोण जाईल? पेज चालवणारा वीस वर्षांचा पोरगा. ज्या कंपनीने त्याच्याकडून काम करून घेतले तिच्याकडे वकील असतो. एवढ्याशा चुकीला एवढी मोठी काठी ठेवली की ती एकतर उचललीच जात नाही, नाहीतर चुकीच्या पाठीवर बसते.

याच ठिकाणी सगळ्यात वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही : वसुली सोपी केली की कॉपीराइट खंडणीचे हत्यार होईल. भीती खरी आहे. मे २०२५ मध्ये एका मोठ्या वृत्तसंस्थेने काही सेकंदांच्या दृश्यांसाठी यूट्यूबवरच्या निर्मात्यांकडे लाखो रुपये मागितल्याचे आरोप झाले. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन तक्रारी ग्राह्य ठरल्या तर वाहिनीच बंद होऊ शकते, त्यामुळे न्यायालयात टिकेल की नाही याची वाट न पाहता माणूस पैसे देऊन मोकळा होतो. कलम ५२ मध्ये टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी न्याय्य वापराची सूट आहे, पण ती सूट न्यायालयात सिद्ध करायला जेवढा खर्च येतो त्यापेक्षा मागणी कमी असली की सूट निरुपयोगी. मला यातून उलटाच निष्कर्ष दिसतो. आज दाद मागण्याची स्वस्त जागा दोन्ही बाजूंना नाही, म्हणूनच ज्याच्या हातात व्यासपीठाचे बटण आणि वकिलांची फौज आहे तो जिंकतो. साताऱ्याचा छायाचित्रकार आणि यूट्यूबवर व्हिडिओ करणारा तरुण एकाच अडचणीत आहेत. लहान दाव्यांसाठी जागा असेल तर तिथे ‘हा न्याय्य वापर आहे’ हेही स्वस्तात सांगता येईल. (वृत्तपत्रांनी या सुटीचा आडोसा घेताना जरा जपून असावे, हेही खरे. ब्रिटिश कायद्यात चालू घडामोडींच्या वार्तांकनाच्या सुटीतून छायाचित्र स्पष्टपणे वगळले आहे, कारण विकण्यासाठीच काढलेला वृत्तफोटो फुकट घेणे म्हणजे त्याची बाजारपेठच संपवणे.)

अशी जागा कशी असावी याचे नमुने आहेत. इंग्लंडमध्ये बौद्धिक संपदा न्यायालयात १० हजार पौंडांपर्यंतच्या दाव्यांसाठी २०१२ पासून लघुवाद विभाग आहे. वकिलाशिवाय जाता येते, आणि हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचे बिल सहसा अंगावर येत नाही. अमेरिकेने २०२० च्या कायद्याने कॉपीराइट दावे मंडळ स्थापले. जून २०२२ पासून ते चालते, सगळे काम ऑनलाइन, मर्यादा ३० हजार डॉलर. त्याची दुखरी बाजू अशी की प्रतिवादी ६० दिवसांत ‘मला इथे यायचे नाही’ म्हणून बाहेर पडू शकतो. आपण ते उचलू नये. पण परदेशात कशाला जायचे? ग्राहकाला दुकानदाराविरुद्ध दिवाणी दावा लावणे परवडत नाही, म्हणून वेगळे मंच हवेत, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. आज पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात विनाशुल्क आणि ऑनलाइन दाखल करता येते. त्या आयोगांतली रेंगाळलेली प्रकरणे मला माहीत आहेत. तरीही बिल्डर, विमा कंपनी आणि कुरिअरवाला यांच्या वागण्यात ग्राहक आयोगाच्या नुसत्या उल्लेखाने जो फरक पडतो तो कुठल्याही फौजदारी कलमाने पडला नसता. छायाचित्र, रेखाचित्र, लहान लेख यांच्या पाच लाखांच्या आतल्या दाव्यांसाठी जिल्हा पातळीवर असाच मंच हवा. भरपाईचे सूत्रही आधीच ठरलेले असावे, म्हणजे नुकसान सिद्ध करण्याची कसरत उरणार नाही. जर्मन न्यायालये रूढ परवाना शुल्क हाच पाया धरतात आणि नाव दिले नसेल तर पुष्कळदा तेवढीच रक्कम वर लावतात. तीन हजारांच्या फोटोचे सहा हजार. ही रक्कम खंडणीची नाही, पण ‘इंटरनेट’ छापण्यापूर्वी नाव शोधावेसे वाटेल इतकी आहे. आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या चौथ्या आवृत्तीत चूक लक्षात आल्यावर ती ३० दिवसांत सुधारली तर परवाना पूर्ववत होतो, तशी सवलत शाळा, ग्रंथालये आणि घरगुती पेजना द्यायला हरकत नाही.

मंच झाला तरी तिथे ‘हा फोटो माझा’ हे दाखवावे लागेल, आणि इथे तंत्रज्ञानाचा खरा उपयोग आहे. वॉटरमार्क चोराला थांबवत नाही. गूगलच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये तो आपोआप पुसता येतो हे दाखवले होते, आणि आता तर फोनमधले संपादन साधनही ते करते. पण कलम ५५ नुसार प्रसिद्ध प्रतीवर ज्याचे नाव आहे तोच कर्ता असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. म्हणून नाव टाकावे ते पुराव्यासाठी. फोटोच्या फाइलमध्ये दडलेला मेटाडेटा, म्हणजे कर्त्याचे नाव, तारीख, कॅमेरा, हाही पुरावाच. आणि २०१२ पासून कलम ६५ब नुसार अशी हक्कविषयक माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. गंमत अशी की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की ती माहिती आपोआप गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहते. ठिकाणाची माहिती खासगीपणासाठी काढणे समजू शकते. कर्त्याचे नाव काढण्याने कुणाचा खासगीपणा जपला जातो, हे या कंपन्यांना विचारायला हवे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तर ही बाब निकडीची झाली आहे. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एआय कंपन्यांना सक्तीचा सरसकट परवाना देऊन कर्त्यांना स्वामित्वधन द्यावे असा प्रस्ताव मांडला. गीतकार-संगीतकारांच्या मागे १९६९ पासून आयपीआरएस ही स्वामित्वधन गोळा करणारी संस्था आहे. छायाचित्रकारांच्या मागे तेवढ्या ताकदीची संस्था उभी नाही. ज्या फोटोवरून नावच गळून पडले आहे त्याचे स्वामित्वधन कुणाच्या खात्यात जाणार?

मंचासाठी संसदेला कायदा बदलावा लागेल, आणि त्याला वेळ लागेल. पण एक गोष्ट त्याआधी होऊ शकते. नोंदणी ऐच्छिक असली तरी कलम ४८ नुसार नोंदवहीतली नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा असतो. आजच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच कलाकृती, आणि प्रत्येकीचे शुल्क ५०० रुपये. एका वारीत हजार फोटो काढणाऱ्याने पाच लाख रुपये भरावेत अशी अपेक्षा कुणी करणार नाही, म्हणून कुणी नोंदणी करतही नाही. अमेरिकेत एका अर्जात ७५० छायाचित्रांची गटनोंदणी होते, शुल्क ५५ डॉलर. आपल्याकडे नोंदणीची पद्धत आणि शुल्क ठरवण्याचा अधिकार कलम ७८ ने केंद्र सरकारला दिलेला आहे. अधिसूचना काढायची आणि नियम संसदेपुढे ठेवायचे, एवढेच काम. ३० मार्च २०२१ ला केंद्राने कॉपीराइट नियमांत अशीच दुरुस्ती करून सॉफ्टवेअरची नोंदणी सुटसुटीत केली : संपूर्ण सोर्स कोड देण्याऐवजी पहिली आणि शेवटची दहा-दहा पाने पुरू लागली. सॉफ्टवेअरसाठी जे झाले ते छायाचित्रांसाठी मागायला जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छायाचित्रकार संघटनांना आजही कुणी अडवलेले नाही.